सरकार उंबरठ्याच्या आत कुठपर्यंत येऊ शकतं? प्लेगपासून कोविडपर्यंत मुंबईची पार्श्वभूमी

मे २०२० मध्ये आमच्या लालबागच्या चाळीला बांबू लावून सील केलं तेव्हा गेटवर एक कागद चिकटवला होता. किती दिवस सील, विचारायचं कोणाला, दूध-औषध कोण आणून देणार, यातलं काहीच त्यावर नव्हतं, फक्त कायद्याचं नाव होतं, साथरोग कायदा १८९७. तळमजल्यावरच्या आजींच्या शुगरच्या गोळ्या संपल्या होत्या आणि त्या आणायला बाहेर पडायचं तर परवानगी कोण देणार हे गेटवरच्या हवालदारालाही माहीत नव्हतं. साथ खरी होती, सील करणं मला तेव्हाही पटलं होतं, पण त्या १८९७ या आकड्याने डोकं खाल्लं आणि मग मी वाचत गेलो.

तर गोष्ट सुरू होते सप्टेंबर १८९६ ला, मांडवीत. गोदीजवळचा धान्याच्या गोदामांचा भाग, उंदीर भरपूर, दाट वस्ती. डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी तिथल्या पेशंटमध्ये प्लेग ओळखला. महापालिकेकडे तेव्हा १८८८ चा म्युनिसिपल अ‍ॅक्ट होता, त्याच्या आधारे कमिशनरने ऑक्टोबरमध्ये हुकूम काढला की संशयित रोग्याला सक्तीने हॉस्पिटलात हलवता येईल, घरात शिरून सफाई करता येईल. आता विचार करा, दहा बाय दहाच्या खोलीत राहणारा गिरणी कामगार, गावाकडून आलेला, त्याच्या बायकोला किंवा भावाला अनोळखी माणसं उचलून नेतायत आणि तिथे गेलेली बहुतेक माणसं परत येत नाहीयेत (बरेच जण नेतानाच शेवटच्या टप्प्यात असायचे, पण हे त्याला कोण सांगणार). २९ ऑक्टोबर १८९६ ला सुमारे हजारभर गिरणी कामगार आर्थर रोडच्या हॉस्पिटलवर चालून गेले. हे हॉस्पिटल म्हणजे आजचं कस्तुरबा, जिथे २०२० मध्ये मुंबईतले पहिले कोविड पेशंट ठेवले होते. हल्ल्यानंतर महापालिकेला सक्ती सैल करावी लागली. लोक मात्र लाखोंनी शहर सोडून गेले, आणि त्यांच्याबरोबर प्लेगही गावोगावी गेला.

मग ४ फेब्रुवारी १८९७ ला साथरोग कायदा आला. घाईत केलेला, जेमतेम चार कलमांचा, एका पानात बसेल एवढा. नेहमीचे कायदे पुरत नाहीत असं सरकारला वाटलं तर सरकार लागेल ते उपाय करू शकतं, रेल्वेतले प्रवासी तपासू शकतं, माणसांना वेगळं ठेवू शकतं. हुकूम मोडला तर तेव्हाच्या पीनल कोडच्या कलम १८८ खाली शिक्षा. आणि चौथं कलम सांगतं की या कायद्याखाली चांगल्या हेतूने केलेल्या कामाबद्दल कोणावरही दावा लावता येणार नाही. म्हणजे सरकार काय काय करू शकतं ते सगळं लिहिलं, सरकारने काय केलंच पाहिजे याची एक ओळसुद्धा नाही. मला या कायद्यातली सगळ्यात मोठी गोष्ट ही रिकामी जागाच वाटते.

मार्च १८९७ मध्ये मुंबईत जनरल गॅटॅकर यांच्या हाताखाली प्लेग कमिटी बसली. झडतीची पथकं, चुन्याचे हात, कौलं काढून खोलीत ऊन पाडणं, राहायला लायक नाही म्हणून भिंतीवर अक्षरं रंगवणं. पुण्यात प्लेग अधिकारी रँडच्या पथकांनी जे केलं ते आपण शाळेत शिकलोय, २२ जून १८९७ ला चापेकरांनी त्याच्यावर गोळ्या झाडल्या. त्यानंतर टिळकांवर केसरीतल्या लिखाणावरून राजद्रोहाचा खटला आपल्या मुंबई हायकोर्टात चालला आणि त्यांना दीड वर्षाची शिक्षा झाली. घरातल्या झडतीवरून सुरू झालेला वाद बोलण्या-लिहिण्यावरच्या बंदीपर्यंत किती पटकन पोचतो बघा, जेमतेम सहा महिने लागले.

मुंबईत पुन्हा भडका उडाला ९ मार्च १८९८ ला. रिपन रोडवर विणकर मुसलमान वस्तीत पथक एका बारा वर्षांच्या आजारी मुलीला तपासायला गेलं, घरच्यांनी नाही म्हटलं, आणि दंगल पेटली, माणसं मेली. यानंतर मात्र सरकार हळूहळू शहाणं झालं. वेगवेगळ्या समाजांच्या हॉस्पिटलांना वाव मिळाला, झडत्यांमध्ये वस्तीतल्या जाणत्या लोकांना सोबत घेणं सुरू झालं. तिकडे शास्त्रज्ञ हाफकिन यांनी जानेवारी १८९७ मध्ये भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात केलेली प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतली होती, आणि मुंबईत ती लोकांनी आपणहून घेतली. माझं मत विचाराल तर प्लेगच्या काळातलं सगळ्यात चांगलं काम हे आहे, परळच्या हाफकिन इन्स्टिट्यूटवरून जाताना मला दर वेळी हेच आठवतं.

१८९८ मध्ये शहराची दाटी कमी करायला इम्प्रूव्हमेंट ट्रस्टही निघाला. रस्ते रुंद झाले, दादर-माटुंगा वसलं, पण सुरुवातीच्या वर्षांत गरिबांच्या जेवढ्या खोल्या पाडल्या तेवढ्या बांधल्या नाहीत, ती माणसं शेजारच्या चाळींमध्ये अजून दाटीने कोंबली गेली.

इंग्रज गेले, संविधान आलं, त्यात जगण्याच्या हक्काचं कलम २१ आलं, पण १८८८ आणि १८९७ चे दोन्ही कायदे जागेवरच राहिले. जुलै १९८१ मध्ये, भर पावसाळ्यात, फुटपाथवरच्या झोपड्या तोडून माणसांना गावी परत पाठवायचं असं मुख्यमंत्री अंतुले यांनी जाहीर केलं. हातात हत्यार तेच, १८८८ च्या अ‍ॅक्टचं कलम ३१४, ज्यात नोटीस न देता हटवायची मुभा आहे. प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं, ओल्गा टेलिस केस, निकाल जुलै १९८५. कोर्टाने म्हटलं की पोट भरायचा हक्क हा जगण्याच्याच हक्कात येतो, आणि माणसाला हटवायचं तर साधारणपणे आधी त्याचं म्हणणं ऐकलं पाहिजे. पण कलम ३१४ रद्द झालं नाही, फुटपाथवर राहायचा हक्कही मिळाला नाही, पावसाळा संपेपर्यंत थांबा असं मात्र सांगितलं. लोक हा निकाल जिंकलेली केस म्हणून सांगतात, ज्यांची झोपडी गेली त्यांना विचारलं तर ते तसं म्हणणार नाहीत.

ऑगस्ट २०१७ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायाधीशांनी प्रायव्हसी हा मूलभूत हक्क आहे असं सांगितलं आणि मापही दिलं. सरकारला आत यायचंच असेल तर त्यामागे कायदा हवा, योग्य कारण हवं, आणि कामापुरतीच बंधनं हवीत.

तीन वर्षं झाली नव्हती आणि कोविड आला. मार्च २०२० मध्ये महाराष्ट्राने तोच १८९७ चा कायदा लागू केला, होम क्वारंटाइन असलेल्यांच्या डाव्या हातावर मतदानाच्या शाईने शिक्के मारले. भिंतीवरच्या अक्षरांपासून हातावरच्या शिक्क्यापर्यंत सव्वाशे वर्षं गेली. ऑगस्ट २०२१ पासून काही महिने लोकल ट्रेन फक्त दोन डोस झालेल्यांना होती, म्हणजे लस सक्तीची नाही म्हणायचं पण विरारहून चर्चगेटला कामावर यायची गाडी मात्र लसीवाचून नाही, आणि रोजंदारीवाल्या माणसाला यात निवड कुठे राहते? हायकोर्टाने २०२२ मध्ये ते आदेश ठरलेली पद्धत सोडून काढलेत म्हणून सरकारला सुनावलं. मे २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की कोणालाही लस घ्यायची जबरदस्ती करता येणार नाही, सार्वजनिक आरोग्यासाठी बंधनं घालता येतील पण ती वाजवी हवीत. मी स्वतः दोन्ही डोस पहिल्या संधीला घेतले, इतरांनाही घ्यायला लावले, तरी हा निकाल मला बरोबर वाटतो.

कायदा अजून तोच आहे. २०२० मध्ये दुरुस्ती झाली ती मुख्यतः डॉक्टर-नर्सवर हात उचलणाऱ्यांना शिक्षेची, आणि ती गरजेचीच होती. फेब्रुवारी २०२४ मध्ये विधी आयोगाने आपल्या २८६ व्या अहवालात सांगितलं की हा कायदा पुरेसा नाही, सुधारा नाहीतर नवा करा. नवा होईल तेव्हा त्यात आदेश किती दिवसांचा, सील केलेल्या घरात औषध-पाणी कोण पोचवणार आणि तक्रार कुठे करायची, एवढं तरी लिहिलेलं असू दे. आमच्या आजींच्या गोळ्या शेवटी समोरच्या चाळीतल्या पोराने दोरीला पिशवी बांधून आत पोचवल्या होत्या.