नारूचा यजमान नेमका कोण? एका शब्दाच्या घोळाची पार्श्वभूमी

परजीवी म्हटलं की हल्ली डोळ्यासमोर जंताची गोळी येते, नारू, म्हणजे पिण्याच्या पाण्यातून शरीरात शिरून पायातून बाहेर येणारा लांब जंत, कुणाला आठवत नाही. दुष्काळी भागातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारून बघा. आमच्या आजीच्या घोट्यावर त्याची खूण होती. ती सांगायची की जंताचं टोक बाहेर आलं की ते काडीला गुंडाळायचं आणि रोज बोटभर, कधी तेवढंही नाही, ओढायचं, घाई केली आणि तुटला तर पाय सुजून खाट धरायची. मादी मीटरभर लांब असू शकते त्यामुळे हे काडी प्रकरण आठवडेच्या आठवडे चालायचं, आणि ते नेमकं पेरणीच्या दिवसात आलं तर घरचं एक माणूस कमी.

रोग फार जुना आहे, इजिप्तच्या एका ममीतसुद्धा चुन्यासारखा कडक झालेला नारू सापडलाय. पण खरी गाठ सुटली ती 1870 च्या सुमारास, जेव्हा मध्य आशियात काम करणाऱ्या एका रशियन संशोधकाने दाखवलं की नारूची पिल्लं आधी पाण्यातल्या सायक्लॉप्समध्ये वाढतात आणि तो जेमतेम मिलिमीटर-दोन मिलिमीटरचा जीव पाण्याबरोबर आपल्या पोटात जातो. मग वर्षभर काही पत्ता नाही. वर्षाने पायावर फोड, आग व्हायला लागली की माणूस पाय पाण्यात घालणार, फोड फुटणार आणि लाखो पिल्लं त्याच पाण्यात. पायऱ्यांची विहीर किंवा बारव यासाठी अगदी सोयीची, कारण घागर भरायला बाई पाण्यातच उभी राहते.

आपल्याकडे निर्मूलनाचा राष्ट्रीय कार्यक्रम 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला आला, तेव्हा महाराष्ट्र धरून सात राज्यांत मिळून वर्षाला चाळीस हजारांच्या आसपास रुग्ण होते. लस नाही, माणसाला द्यायचं औषध नाही. फडक्यातून पाणी गाळा, विहिरीत सायक्लॉप्स मारणारं टेमेफॉस हे औषध टाका, पायऱ्या बंद करून हातपंप बसवा, एवढंच. शेवटचा रुग्ण जुलै 1996 मध्ये जोधपूर जिल्ह्यात आणि फेब्रुवारी 2000 मध्ये देश नारूमुक्त जाहीर.

आता मुद्द्यावर येतो. हे सगळं जमलं त्यामागे एक गृहीत होतं, की नारूचा अंतिम यजमान फक्त माणूस, म्हणजे माणसातली साखळी तोडली की जंत संपला. यजमान म्हणजे परजीवी ज्याच्या शरीरात राहतो तो, इंग्रजीतला होस्ट. या 'यजमान' शब्दाने मराठीत आधीच गोंधळ घातलाय. कुणी यजमान म्हणतं, कुणी पोशिंदा, कुणी आश्रयदाता, अमरवेलीच्या धड्यात आधारक वनस्पती येते. वरून हिंदी नोट्स वाचणाऱ्या पोरांना परपोषी म्हणजे होस्ट वाटतो, मराठीत परपोषी म्हणजे आयतं अन्न खाणारा, म्हणजे अर्थ जवळजवळ उलटा! मला स्वतःला यजमान आवडत नाही, यजमान पाहुण्याला बोलावतो, इथे कुणी कुणाला बोलावलेलं नसतं. पोशिंदा बरा.

त्यात अंतिम आणि मध्यस्थ हा भेद. परजीवीचं नर-मादी मीलन जिथे होतं तो अंतिम, एवढीच व्याख्या, कुणाला जास्त त्रास होतो याच्याशी संबंध नाही. म्हणून हिवतापात डास अंतिम आणि आपण मध्यस्थ, नारूत आपण अंतिम आणि सायक्लॉप्स मध्यस्थ. हे पोरांच्या पचनी पडत नाही, आणि खरं सांगायचं तर मोठ्यांच्याही पडलं नाही, कारण 'माणूस अंतिम यजमान' या वाक्यात 'फक्त' कधी घुसला ते कुणाच्या लक्षातच आलं नाही. कुत्र्यांत नारू सापडल्याच्या नोंदी आधीपासून होत्या, त्या चुकून झालेला संसर्ग म्हणून बाजूला ठेवल्या गेल्या.

2010 मध्ये आफ्रिकेतल्या चाड देशात, दहाएक वर्षं एकही रुग्ण नसताना, नारू परत दिसला. दोन वर्षांनी कुत्र्यांत सापडायला लागला आणि 2016 साली तर एका वर्षात हजाराहून जास्त कुत्रे. जनुकं तपासली तर माणसातला आणि कुत्र्यातला जंत एकच. संशय असा की नदीकाठी माशांची फेकलेली आतडी, कच्चे मासे, बेडूक यांतून पिल्लं कुत्र्यांच्या पोटात जातात, म्हणजे मध्ये आणखी एक नुसता वाहून नेणारा यजमान. मग तिथे आतडी पुरायला सांगणं, कुत्रे महिनोन्‌महिने बांधून ठेवणं आणि नारू झालेला कुत्रा कळवणाऱ्याला बक्षीस असं सुरू झालं.

कुत्र्यांतला नारू मोजायचा की नाही, वाद यावरच आहे. काहींचं म्हणणं, आजार माणसाचा, 1986 च्या सुमारास वर्षाला 35 लाख रुग्ण असावेत असा अंदाज होता आणि 2023 मध्ये जगभरात फक्त 14 रुग्ण, मग जिंकलो म्हणा की. दुसऱ्यांचं म्हणणं, कुत्र्यात जंत पोसला जातोय तोवर पाण्यात पिल्लं येतच राहणार. मला दुसरी बाजू पटते. जागतिक आरोग्य संघटनेची अधिकृत भूमिकाही आता तीच आहे, माणसात शून्य आणि प्राण्यांतही शून्य असेल तरच नारूमुक्तीचं प्रमाणपत्र, आणि त्यामुळे जगातून नारू घालवायचं 2020 चं उद्दिष्ट 2030 वर गेलंय.