मानवरूपी प्राणिपात्रे (कोकण)

माणसासारखी बोलणारी-चालणारी प्राणिपात्रे आणि अर्धा देह प्राण्याचा, अर्धा माणसाचा अशी रूपे. गोष्टी, चित्रे, खेळणी यांत ती जगभर आढळतात. कोकणात त्यांची खरी जागा देवळासमोरचा मांड, म्हणजे खेळ-उत्सवाची मोकळी जागा.

सिंधुदुर्गात कार्तिकापासून जत्रा सुरू झाल्या की दशावतार हे लोकनाट्य करणारी मंडळी गावोगाव रात्र जागवतात. आडदशावतार या पूर्वरंगात सोंड असलेला लाकडी मुखवटा चढवून गणपती येतो, सरस्वती कमरेला मोर बांधून नाचते. पुढे वेद चोरणारा संकासुर काळ्या बुरख्यात येऊन मालवणीत सर्वांची फिरकी घेतो. नाव दशावतार असले, तरी दहाही अवतार काही रंगमंचावर येत नाहीत. मत्स्य, कूर्म, वराह पाहायचे तर सावंतवाडीचा गंजिफा, म्हणजे हाताने रंगवलेला पत्त्यांचा जोड, हाती घ्यावा. दशावतारी गंजिफात गोल पत्ते १२०, दर अवताराचे १२.

या कलेचा चाहतावर्ग कडवा आहे. ‘धयकालो’, म्हणजे दशावताराचा प्रयोग, कुठल्या गावात कधी, हे त्याला पाठ असते. संहिता लिहिलेली नसल्याने संवाद तिथल्या तिथे रचले जातात. कोणता राजा कोणत्या राक्षसाला शब्दांत अडकवतो, यावर पहाटेपर्यंत वाद रंगतात. वेगवेगळ्या मंडळांतले नावाजलेले नट एकत्र आणणारे ‘संयुक्त दशावतार’ याच हौसेवर चालतात. नाग, वाघ अवतरणारे ‘ट्रिकसीन’, म्हणजे चमत्कृतीचे प्रवेश, तर जाहिरातीतच ठळक छापले जातात. जुन्या रसिकांना ते फारसे रुचत नाहीत. गर्दी मात्र होते.

अशा पात्रांभोवतीचा आधुनिक चाहतासमुदाय म्हणजे ‘फरी’. १९८०च्या दशकात अमेरिकेतील विज्ञानकथा व कॉमिक्सच्या संमेलनांतून तो आकाराला आला. त्याचे पहिले स्वतंत्र संमेलन १९८९ मध्ये कॅलिफोर्नियात भरले. येथे प्रत्येक जण आपले प्राणिरूप स्वतः कल्पितो. त्याला ‘फर्सोना’ म्हणतात आणि कृत्रिम फरच्या पूर्ण पोशाखाला ‘फरसूट’. बहुतेकांकडे असा पोशाख नसतो. त्यांचे रूप चित्रांत आणि ऑनलाइन वावरते. फरसूटमध्ये थंड हवेतही घामाच्या धारा लागतात, मग कोकणच्या दमट हवेची कल्पनाच केलेली बरी.

दशावतार आणि फरी यांतला खरा फरक मालकीचा आहे. गणपतीचा मुखवटा मंडळाचा. नट बदलला तरी पात्र तेच राहते. फर्सोना मात्र कल्पिणाऱ्याचा, आणि दुसऱ्याने तो उचलला तर भांडण ठरलेले. कोकणात फरीच्या जवळ जाणारी हौस शोधायची तर दशावतारापेक्षा शिमग्यात शोधावी. तिथे सोंग घ्यायला नट असावे लागत नाही. रत्नागिरीकडे संकासुर घुंगरू वाजवत दारोदार फिरतो, आणि कुडाळ तालुक्यातील नेरूरच्या मांडावर रोंबाटात, म्हणजे शिमग्याच्या मिरवणुकीत, महाकाय प्राणी व राक्षसांच्या प्रतिकृती ढोलांच्या गजरात येतात. त्या घडवणारे हात गावातल्याच कलाकारांचे.