‘इन्क्लूड’पासून ‘मर्ज’पर्यंत : आत घेण्याच्या शब्दांची पार्श्वभूमी

स्पर्धा परीक्षांच्या इंग्रजीच्या पुस्तकांत समानार्थी शब्दांचं पान असतंच. इन्क्लूड, इन्कॉर्पोरेट, कॉम्प्राइज, एम्ब्रेस, अ‍ॅब्सॉर्ब, मर्ज, अ‍ॅनेक्स अशी रांग, आणि पुढे मराठीत सगळ्यांना मिळून एकच उत्तर : समाविष्ट करणे. नाशकातल्या अभ्यासिकांमधली पोरं ही रांग घोकतात आणि परीक्षेपुरतं ते भागतंही. माझं पोट दस्तांच्या भाषांतरावर चालतं. तिथे मात्र या रांगेतला एक शब्द दुसऱ्याच्या जागी बसवला की कागद परत येतो.

हे शब्द बहुतेक लॅटिनमधून आलेले. इन्क्लूडचा मूळ अर्थ आत कोंडून दार लावणे. इन्कॉर्पोरेटमध्ये ‘कॉर्पस’ म्हणजे देह आहे. एखादी गोष्ट आपल्या देहाचा भाग करणे किंवा जिला देह नव्हता तिला कायद्याने देह देणे, असे दोन अर्थ त्यातून निघाले. दुसऱ्या अर्थातूनच आपलं ‘कॉर्पोरेशन’ आलं. अ‍ॅब्सॉर्ब म्हणजे शोषून घेणे, एम्ब्रेस म्हणजे कवेत घेणे, अ‍ॅनेक्स म्हणजे बाजूला बांधणे, जोडणे. आणि मर्ज म्हणजे चक्क बुडवणे. इंग्रजी कायद्यात ‘मर्जर’ आधी जमिनीच्या हक्कांसाठी रुळला, कंपन्यांकडे तो नंतर गेला. कुळानेच जमीन विकत घेतली की त्याचा कुळाचा हक्क मालकी हक्कात बुडतो, तसला तो प्रकार. बुडालेला हक्क परत वर येत नाही, हे त्यात गृहीत आहे.

मराठीकडे या छटांना शब्द नव्हते असं नाही. पेशवाईतल्या इनाम सनदांत गाव द्यायचं तर ते ‘दरोबस्त’, म्हणजे अख्खं, आणि सोबत ‘जल, तरू, तृण, काष्ठ, पाषाण, निधी, निक्षेप सहित, हक्कदार व इनामदार खेरीज करून’. काय आत आणि काय बाहेर, एका दमात. यातलं जल-तरू-तृण आजच्या खरेदीखतातही टिकून आहे. राज्य गिळलं तर त्याला वेगळा शब्द होता, खालसा. १८४८ मध्ये साताऱ्याचं राज्य ‘खालसा’ झालं, त्याला समाविष्ट झालं असं कुणी म्हणत नाही. ‘सामील’ अरबी-फारसीतून आला आणि मराठीत येऊन थोडा बदनाम झाला. चोरांना सामील होतात, कटात सामील असतात.

तरीही १९४७ मध्ये याच शब्दाला मानाचं पान मिळालं. संस्थानिकांनी ज्यावर सह्या केल्या तो कागद मराठीत ‘सामीलनामा’ झाला. त्यात संस्थानाने सोडायचे विषय होते तीन : संरक्षण, परराष्ट्र व्यवहार आणि दळणवळण. बाकी कारभार संस्थानाकडेच. पुढच्या एक-दोन वर्षांत दुसरे करार झाले, त्यांना ‘विलीनीकरण’ म्हटलं गेलं, आणि त्यांत संस्थान हे संस्थान म्हणून संपलं. आज नाशिक जिल्ह्यात तालुका असलेलं सुरगाणा हे असंच एक संस्थान. सामील झालेल्याचं घर राहतं, विलीन झालेल्याचं राहत नाही. हा फरक त्या पिढीला नीट ठाऊक होता. नंतर तो पुसट झाला, आणि माझ्या मते सगळा गुंता तिथून सुरू होतो.

७ नोव्हेंबर १९८२ ला नाशिक महानगरपालिका अस्तित्वात आली. नाशिक, नाशिकरोड-देवळाली आणि सातपूर या तीन नगरपालिका आणि भोवतालची गावं मिळून. आजही बोलताना सरसकट ‘गावं विलीन झाली’ म्हणतात. १९४९ च्या ज्या महापालिका कायद्याखाली हे झालं त्यात हद्द बदलून एखादं क्षेत्र आत घेण्याला साधा इन्क्लूड आणि बाहेर काढण्याला एक्स्क्लूड आहे. बुडाल्या त्या नगरपालिका आणि ग्रामपंचायती. गाव बुडालं नाही. पुरावा हवा असेल तर कोणतंही खरेदीखत काढा : ‘तुकडी जिल्हा नाशिक, पोटतुकडी तालुका नाशिक, पैकी नाशिक महानगरपालिका हद्दीतील मौजे आडगाव या गावचे शिवारातील गट नंबर अमुक’. पालिका झाली, घरपट्टी शहराची लागली, पण आडगाव मौजे म्हणून जागच्या जागी. म्हसरूळचं तेच, मखमलाबादचं तेच. एकाच दिवशी एक गोष्ट मर्ज झाली आणि दुसरी इन्क्लूड, आणि मराठीत दोन्हींना एकच क्रियापद लागलं.

या शब्दाचं खरं वजन कळलं ते एसटीच्या संपात. ऑक्टोबर २०२१ च्या अखेरीस तो सुरू झाला, एप्रिल २०२२ पर्यंत रेंगाळला. नाशकातही एसटीची स्थानकं ओस पडली आणि काळीपिवळीवाल्यांचे दिवस आले. मागण्या अनेक होत्या, पण घोषणा एकच उरली : विलीनीकरण. इंग्रजी वर्तमानपत्रांनी ‘मर्जर’ छापलं. आता एसटी हे १९५० च्या कायद्याखालचं महामंडळ, म्हणजे इन्कॉर्पोरेट केलेलं, स्वतंत्र देह असलेलं. शब्दशः विलीनीकरण म्हणजे हा देहच सरकारात बुडणार. पण चालक-वाहकांना हवं होतं ते सरकारी कर्मचाऱ्याचा दर्जा, सरकारी वेतन आणि पगाराची वेळच्या वेळी खात्री. याला नोकरीच्या कायद्यात ‘अ‍ॅब्सॉर्प्शन’ म्हणतात आणि मराठीत त्यासाठी सुरेख शब्द आहे, सामावून घेणे. शासन निर्णयांत ‘समावेशन’ असतं. माणसं सामावून घेतली जातात, संस्था विलीन होते. संस्था जागेवर ठेवून माणसं सामावून घेता येतात, आणि संस्था विलीन करूनही सगळी माणसं आत घेतली जातील असं नाही.

मागणीत चूक होती असं मला म्हणायचं नाही. शब्दाची निवड महाग पडली असं म्हणायचं आहे. संपावर नेमलेल्या त्रिसदस्यीय समितीपुढे प्रश्न गेला तो विलीनीकरणाचा, आणि उत्तर आलं तेही विलीनीकरणाचंच : शक्य नाही. सामावून घेण्याचा प्रश्न तेवढ्याच ठळकपणे विचारला असता तर उत्तर काय आलं असतं, यावर दोन बाजूंनी वाद घालता येतो. घोषणा म्हणून ‘सामावून घ्या’ला जोर नाही, हेही खरंच. त्यात विनंतीचा सूर आहे.

रांगेतल्या साध्यासुध्या इन्क्लूडचीही एक खोच आहे. कायद्यातल्या व्याख्येत ‘मीन्स’ म्हटलं की यादी बंद, ‘इन्क्लूड्स’ म्हटलं की यादी उघडी, असा कायद्याचा सर्वसाधारण रिवाज. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस न्यूझीलंडहून लंडनला गेलेल्या एका कराच्या अपिलात यावर जो निकाल झाला, त्याचा आधार भारतातल्या न्यायालयांनी पुढे वारंवार घेतला. इन्क्लूड्स बहुधा अर्थ वाढवतो, पण संदर्भ तसा असेल तर यादी बंदही करू शकतो. दार लावणे या मूळ अर्थाचा शब्द कायद्यात दार उघडं ठेवायला वापरतात, ही गंमत. मी स्वतः एका जाहीर नोटिशीत ‘मिळकत, इन्क्लूडिंग विहीर व झाडे’ याचं ‘मिळकत म्हणजे विहीर व झाडे’ करून बसलो होतो. वकीलसाहेबांनी कागद परत पाठवला, वर पेन्सिलने एवढंच : ‘मग जमीन कुठे गेली?’ तेव्हापासून मी ‘सह’ किंवा ‘धरून’ लिहितो. ‘विहीर धरून’ म्हटलं की शेतकऱ्याला दुसऱ्यांदा समजावून सांगावं लागत नाही.

१९८२ ला देवळालीगाव महापालिकेत आलं, देवळाली कॅम्प लष्करी छावणी म्हणून बाहेर राहिला. २०२३ मध्ये हिमाचलातल्या योल छावणीचा दर्जा काढून नागरी भाग वेगळा केला गेला, तेव्हापासून इथेही कॅम्पचा नागरी भाग वेगळा करण्याच्या चर्चेला जोर आला. छावणीतून नागरी भाग बाहेर काढण्याला इंग्रजी कागदांत ‘एक्सिजन’ म्हणतात, शस्त्रक्रियेतला शब्द, कापून काढणे. तोच भाग उद्या शेजारच्या महापालिकेला दिला तर त्या बाजूच्या कागदात तो इन्क्लूड होईल. लॅम रोडवरच्या चहाच्या टपरीवर मात्र ‘कॅम्प नाशिकला जोडणार’ असंच ऐकू येतं. जोडणे म्हणजे अ‍ॅनेक्स, आणि तो शब्द यातल्या एकाही कागदात नाही.