हँडलच्या खाचा बघा, साल कळेल

जुनी सर्जरीची करवत हातात आली की लोक आधी पातं बघतात, दात मोजतात, अंगावर काटा आला म्हणतात. मी आधी हँडल बघतो. चांगल्या जुन्या करवतीचं हँडल एबनी या कठीण लाकडाचं असतं, काळंभोर, आणि त्यावर बारीक आडव्या-उभ्या खाचा पाडलेल्या असतात, म्हणजे रक्ताने ओला झालेला हात घसरू नये. भिंग घेऊन त्या खाचांच्या तळाशी बघितलं तर काहीतरी काळपट घट्ट बसलेलं दिसतं. ते काय असेल यावर जास्त विचार करू नका 😀 पण तारीख ठरवायला यापेक्षा चांगली खूण क्वचितच मिळते.

कारण असं हँडल बनवणाऱ्याला जंतू माहीतच नव्हते. जोसेफ लिस्टर या ब्रिटिश सर्जनने कार्बोलिक ॲसिड हे जंतुनाशक वापरून जखमा कुजण्यापासून वाचवता येतात हे १८६७ मध्ये छापलं, मग १८८० च्या दशकात अवजारं वाफेत आणि उकळत्या पाण्यात शिजवायची पद्धत हळूहळू रुळली, आणि तिथे लाकूड, हस्तिदंत, कासवाचं कवच सगळं एकदम बाद झालं. हस्तिदंत उकळत राहिलं की तडकतं, लाकूड फुगतं आणि आकसतं, सरस सुटतो. त्यामुळे साधारण १८९० नंतरची अवजारं टोकापासून मुठीपर्यंत एकाच धातूची, गुळगुळीत, घाण अडकायला जागाच नको अशी. अर्थात ही रेघ काही सुरीने ओढल्यासारखी नाही, बरेच म्हातारे सर्जन जुना सेट सोडायला तयार नव्हते, पण अंदाज बांधायला पुरते. आणि गंमत बघा, पेशंटच्या दृष्टीने जे हँडल सगळ्यात घातक, त्यालाच आज सगळ्यात जास्त किंमत.

पात्याचा आकारही बरंच बोलतो. पाय कापायची मोठी सुरी कोयत्यासारखी आत वळलेली असेल तर ती बहुतेक अठराव्या शतकातली, कारण तेव्हा मांडीभोवती सुरी गोल फिरवून मांस कापायचे. नंतर मांसाची झाप ठेवून ती हाडावर पांघरायची पद्धत आली आणि सुरी सरळ, लांब, टोकदार झाली. लंडनच्या रॉबर्ट लिस्टन या सर्जनचं नाव या सुरीला चिकटलंय. हा माणूस वेगासाठी प्रसिद्ध होता, आणि वेग लागायचाच, कारण भूल नव्हती. बोस्टनमध्ये १६ ऑक्टोबर १८४६ ला ईथरने भूल देण्याचा जाहीर प्रयोग झाला आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये लिस्टनने ईथर देऊन पाय कापला. पुढे पेशंट शांत पडून राहायला लागल्यावर रक्तवाहिन्या एकेक करून पकडायला वेळ मिळाला, म्हणून कात्रीसारखे, दाबल्यावर लॉक होणारे चिमटे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात भराभर वाढले. तुमच्या सेटमध्ये सुऱ्या-करवती भरपूर आणि असे चिमटे नाहीत, तर सेट जुना असण्याची शक्यता जास्त.

आता धातू. चकचकीत म्हणजे स्टेनलेस असं धरून चालू नका. निकेल प्लेटिंगचा रंग किंचित पिवळसर, उबदार असतो, क्रोमचा निळसर थंड. निकेल जुनं झालं की पापुद्रे सुटतात आणि खालचं लोखंड गंजतं, बहुतेक सांध्यापाशी. स्टेनलेस स्टीलची गोष्ट सुरू होते १९१३ मध्ये, शेफील्डला हॅरी ब्रेअर्ली बंदुकीच्या नळीसाठी न झिजणारं पोलाद शोधत होता आणि त्याला साधारण १२.८ टक्के क्रोमियम असलेलं न गंजणारं पोलाद मिळालं. म्हणजे स्टेनलेसची सुरी कोणी अमेरिकन सिव्हिल वॉरची (१८६१-६५) म्हणून विकत असेल तर नमस्कार करा आणि निघा. इथे एक चूक हमखास होते, लोक लोहचुंबक लावतात, चिकटला की म्हणतात बघा, स्टेनलेस नाही. पण धार टिकावी म्हणून पात्यांसाठी जे स्टेनलेस वापरतात त्यात कार्बन घालून ते कडक केलेलं असतं आणि त्याला चुंबक छान चिकटतो. चुंबकाने पितळ किंवा जर्मन सिल्व्हर (तांबं, जस्त, निकेलचा चांदीसारखा दिसणारा मिश्रधातू) वेगळं काढता येतं, बास.

हँडल काळं आहे म्हणजे एबनीच असंही नाही. गंधक घालून कडक केलेलं रबर असू शकतं, वर्षानुवर्षं उजेडात राहिलं की ते तपकिरी-हिरवट पडतं, आणि अंगठ्याने जोरात घासून गरम केलं तर गंधकाचा वास येतो. पांढरं असेल तर हाड की हस्तिदंत ते बघा: हाडात बारीक काळे ठिपके आणि रेघा दिसतात (रक्तवाहिन्यांच्या नळ्या त्या), हस्तिदंताच्या आडव्या छेदावर एकमेकींना छेदणाऱ्या वक्र रेघांची जाळी दिसते. हे फक्त हौसेसाठी नाही, ब्रिटन-अमेरिकेसकट बऱ्याच देशांत हस्तिदंताच्या खरेदी-विक्रीवर कडक बंधनं आहेत, वस्तू सुंदर आणि विकता येत नाही असं होऊ शकतं.

किंमत ठरते ती मात्र पेटीवर. सुटी सुरी आणि पूर्ण सेट यांच्या किमतीत जमीन-अस्मानाचा फरक. शिसवी किंवा महोगनीची पेटी, कोपऱ्यांना पितळ, आत लाल-जांभळं मखमल आणि प्रत्येक अवजारासाठी त्याच्याच आकाराचा खळगा. आता करायचं काय, एकेक अवजार उचलून खालचं मखमल बघायचं. तिथला रंग बाजूपेक्षा गडद राहिलेला असतो, कधी पात्याच्या आकाराचा गंजाचा डागही असतो. डाग लांबट आणि वर ठेवलेली सुरी आखूड? कोणीतरी दुसऱ्या सेटमधली आणून बसवलीय. मग बनवणाऱ्यांची नावं जुळवायची: लंडनचे वाइस, पॅरिसचे शारिएर, न्यूयॉर्कचे टीमन, झाकणाच्या आतल्या लेबलवर एक आणि पात्यावर भलतंच असेल तर भाव उतरतो. शारिएर म्हणजे तोच, ज्याच्या नावाने आजही कॅथेटरची (शरीरात घालायच्या नळीची) जाडी मोजतात, या मापाला फ्रेंचही म्हणतात, एक फ्रेंच म्हणजे एक तृतीयांश मिलिमीटर. पत्ताही वाचा, दुकानं जागा बदलायची आणि जुन्या कॅटलॉगवरून साल काढता येतं. आणि शिक्क्यात देशाचं नाव असेल तर ब्रिटनचा १८८७ चा आणि अमेरिकेचा १८९० चा कायदा आठवा, आयात मालावर देश लिहायला या कायद्यांनी लावलं, त्यामुळे असा शिक्का बहुधा त्यानंतरचाच.

सिव्हिल वॉरच्या सेटवर सैन्याच्या हॉस्पिटल खात्याची अक्षरं कोरलेली असली की भाव चढतो, म्हणून ती अक्षरं नंतर कोरणारेही निघाले. भिंगाखाली अक्षराच्या खाचेचा तळ बघा. आजूबाजूचं पोलाद काळवंडलेलं आणि खाचेत मात्र चमक, म्हणजे कोरीवकाम ताजं.

माझी फजिती सांगतो. सुरुवातीला मी ऑनलाइन फोटो बघून एक 'सर्जनची करवत' घेतली, दिसायला जबरदस्त. घरी आल्यावर मोजली तर पातंच अर्ध्या मीटरच्या जवळपास! सर्जनची मोठी पेटीच साधारण चाळीस सेंटिमीटर लांब असते, ही मावणार कुठे. खाटकाची करवत होती ती. विकणाऱ्याला लिहिलं तर उत्तर आलं, हाड ते हाडच ना. काय बोलणार!

नवीन माणसाने निकेलच्या काळातल्या चिमट्यांपासून सुरुवात करावी असं माझं मत, भरपूर मिळतात, स्वस्त असतात आणि शिकायला मस्त. सांध्याशी घाण राहू नये म्हणून त्यातले बरेच दोन भागांत सुटे होतात. दोन्ही अर्ध्या भागांवर आतल्या बाजूला बारीक आकडा ठोकलेला असतो, कारण प्रत्येक जोडी हाताने घासून जुळवलेली असायची. आकडे वेगळे असतील तर ते दोन वेगवेगळ्या चिमट्यांचे अर्धे, आणि तोंड नीट मिटत नाही हे लगेच हाताला कळतं.

आणि घरी आणल्यावर कृपा करून पॉलिश करू नका. मऊ फडकं, थोडं पातळ तेल, एवढंच. बनवणाऱ्याचा शिक्का कधीकधी इतका उथळ असतो की दोन-तीनदा जोरात घासलं की अर्धं नाव गायब, आणि मग वाइस की आणखी कोणी हे सांगायला फक्त पेटी उरते, तीही असली तर.