लिफ्ट बंद पडली त्या आठवड्यात

गेल्या पावसाळ्यात आमच्या इमारतीची लिफ्ट आठ दिवस बंद होती. पहिल्याच संध्याकाळी दळणाचा डबा कडेवर घेऊन मी चौथ्या मजल्याकडे निघाले आणि दुसऱ्या मजल्यावर डबा पायरीवर टेकवून तिथेच बसले. छातीचा भाता झालेला, पोटऱ्या भरून आलेल्या. तेवढ्यात शेजारच्या काकू वरून उतरल्या. वय चौसष्ट. "काय गं, दमलीस? माझी ही तिसरी फेरी," म्हणाल्या आणि मी नको नको म्हणेपर्यंत डबा उचलून परत वर चालूही लागल्या.

मी अठ्ठेचाळीस वर्षांची. दिवसाचे नऊ तास खुर्चीवर. वजन मात्र बेताचं, म्हणून आपलं सगळं ठीक चाललंय अशी माझी पक्की समजूत होती.

ही समजूत आपल्याकडे फार जणांची असते आणि तिला पुण्यातूनच उत्तर मिळालेलं आहे. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आपला दोघांचा एकत्र फोटो छापला. उंचीच्या मानाने वजन मोजणारा बीएमआय दोघांचाही २२.३, म्हणजे कागदावर दोघेही सारखेच सडपातळ. पण अंगातली चरबी मोजली तर युडकिन ९.१ टक्के आणि याज्ञिक २१.२ टक्के! बारीक दिसणाऱ्या भारतीय शरीरात स्नायू कमी आणि चरबी जास्त असू शकते, हे इतक्या थोडक्यात क्वचितच कुणी दाखवलं असेल. त्याच टिपणात एक मिस्कील नोंदही आहे. युडकिन मॅरेथॉन धावतात आणि याज्ञिकांचा मुख्य व्यायाम म्हणजे सकाळी रुग्णालयाच्या लिफ्टचं दार मिटायच्या आत तिथवर धावत पोचणं. ते वाचून मला जरा बरं वाटलं, हे कबूल करते.

धाप लागते तेव्हा आपल्याला वाटतं, हवा कमी पडतेय. पण निरोगी माणसाच्या रक्तात तेव्हाही ऑक्सिजन जवळजवळ पूर्ण भरलेला असतो. अडतं ते पुढे. हृदय एका ठोक्यात किती रक्त ढकलतं आणि स्नायूंच्या पेशींतल्या मायटोकाँड्रिया (पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या इवल्याशा भट्ट्या) त्यातला किती ऑक्सिजन वापरू शकतात, यावर दमसास ठरतो. बसून राहणाऱ्याच्या स्नायूंत या मायटोकाँड्रिया कमी झालेल्या असतात. मग स्नायू ऑक्सिजनची वाट न पाहता साखर मोडून काम भागवतात, त्यातून रक्तातली आम्लता वाढते, ती निस्तरताना जास्तीचा कार्बन डायऑक्साइड तयार होतो आणि तो बाहेर फेकायला मेंदू श्वास वाढवतो. म्हणजे जिन्यातली ती धाप हवा आत घेण्यापेक्षा बाहेर टाकण्यासाठीच अधिक असते.

जिन्याचा आणि हृदयाचा संबंध पहिल्यांदा नीट मोजला तो लंडनच्या दुमजली बसमध्ये. तिथले ड्रायव्हर दिवसभर बसलेले आणि कंडक्टर तिकिटं फाडत वर-खाली करणारे. एका पाळीत पाचशे ते साडेसातशे पायऱ्या. दोघांचा पगार, वस्ती, खाणंपिणं साधारण एकाच थरातलं. संशोधक जेरी मॉरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५३ मध्ये आकडे प्रसिद्ध केले, तेव्हा कंडक्टरांमध्ये हृदयविकाराचं प्रमाण ड्रायव्हरांपेक्षा बरंच कमी निघालं. मुळात जाडसर माणसंच ड्रायव्हर होत असतील, ही शंका लगेच आली. मॉरिसनी गणवेशाच्या पँटींची मापं काढून बघितली आणि ड्रायव्हरांची कंबर खरोखरच मोठी निघाली. पण सारख्याच अंगयष्टीच्या ड्रायव्हर-कंडक्टरांची तुलना केली, तरी कंडक्टरच सरस ठरले. पायी पत्रं वाटणारे पोस्टमन आणि टपाल खात्यातले बैठे कारकून यांच्यातही असाच फरक दिसला. मॉरिस स्वतः नव्व्याण्णव वर्षं जगले.

पण मला सगळ्यात जास्त हलवलं ते अमेरिकेतल्या डॅलसच्या पाच जणांनी. १९६६ मध्ये विशीच्या पाच निरोगी मुलांना तीन आठवडे खाटेवर झोपवून ठेवलं. चालायचं नाही, उभंही राहायचं नाही. आधी आणि नंतर एकच गोष्ट मोजली: जीव तोडून धावताना शरीर जास्तीत जास्त किती ऑक्सिजन वापरतं. तीन आठवड्यांत हा आकडा पाव हिश्शाहूनही जास्त घसरला. मग दोन महिने कसून व्यायाम करून घेतला. पाचांपैकी तिघं आधीपासून आळशीच होते. ते मूळ पातळीच्या कितीतरी वर गेले. आधीच तयारीत असलेल्या दोघांना मात्र फारसं काही वाढवता आलं नाही.

गोष्ट इथे संपली असती. पण तीस वर्षांनी याच पाच जणांना पुन्हा बोलावलं. आता सगळे पन्नाशीत, सरासरी वजन सत्त्याहत्तर किलोवरून शंभरवर, अंगातली चरबी दुप्पट. तरी दमसास मोजला तर विशीतल्या त्या तीन आठवड्यांच्या खाटेनं जेवढं नुकसान केलं होतं, तेवढं तीस वर्षांनी वाढलेल्या वयानंही केलेलं नव्हतं! पुढे सहा महिने त्यांना हळूहळू वाढवत चालणं, जॉगिंग, सायकल असं दिलं आणि पाचांचा सरासरी दमसास १९६६ च्या खाटेआधीच्या पातळीवर परत आला. गंमत म्हणजे हृदयाची रक्त ढकलण्याची कमाल ताकद फारशी वाढली नव्हती. रक्तातून ऑक्सिजन ओढून घ्यायला स्नायू शिकले होते. पाच माणसं म्हणजे काही जग नव्हे, हे खरं. पण "आता या वयात काय होणार" असं कुणी म्हणालं की मला हे पाच जण आठवतात. बोस्टनमधल्या वृद्धाश्रमातले ते लोकही आठवतात, ज्यांनी शहाऐंशी ते शहाण्णव या वयात आठ आठवडे पायांनी वजनं उचलली आणि पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढवली. १९९० सालची गोष्ट. एवढ्या थोड्या दिवसांत स्नायू तेवढे फुगत नाहीत. मज्जासंस्था झोपलेल्या स्नायूतंतूंना कामाला जुंपायला शिकते आणि ताकद आधी वाढते ती त्यामुळे.

जो आज काहीच करत नाही, त्याचा फायदा सगळ्यात मोठा, ही गोष्ट व्यायामाचा प्रचार करणारे हमखास गाळतात. त्याऐवजी आपल्या डोक्यावर मारतात ती दहा हजार पावलं. हा आकडा कुठल्या प्रयोगशाळेतून आलेला नाही. टोकियो ऑलिंपिकच्या पाठोपाठ १९६५ मध्ये जपानात पावलं मोजायचं एक यंत्र विकायला आलं आणि त्याचं नावच 'दहा हजार पावलांचा मापक' अशा अर्थाचं होतं. अमेरिकेत साधारण बहात्तर वर्षांच्या सोळा हजारांवर बायकांची पावलं मोजली, तर दिवसाला सत्तावीसशे चालणाऱ्यांपेक्षा चव्वेचाळीसशे चालणाऱ्यांचं मृत्यूचं प्रमाण ४१ टक्के कमी दिसलं. साडेसात हजारांच्या आसपास फायद्याची पुढची वाढ थांबली. ज्यांची तब्येत मुळात बरी त्याच जास्त चालतात, हा भाग यात असणारच. तरीही अडीच हजार पावलं चालणाऱ्या बाईला दहा हजारांचं टेकाड दाखवून घरात बसवण्यात काय शहाणपण आहे?

भारतात असे बसलेले किती? २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार आपल्याकडचे जवळपास निम्मे प्रौढ पुरेशी हालचाल करत नाहीत. पुरुषांत ४२ टक्के, बायकांत ५७. यावर "अहो, मी दिवसभर घरात राबतेच की" हे उत्तर ठरलेलं, आणि ते खोटंही नाही. घरकाम मोजणीत धरलं जातं. प्रश्न जोराचा आहे. साधी परीक्षा अशी: बोलता येतंय पण गाणं म्हणता येत नाही, एवढा श्वास वाढला तर तो मध्यम व्यायाम. असा आठवड्याला दीडशे मिनिटं हवा आणि दोनदा ताकदीचा. सलग दहा मिनिटं तरी हवीत ही जुनी अट संघटनेनं २०२० मध्ये काढून टाकलेली आहे, त्यामुळे तुकडे चालतात. लादी रगडून पुसताना गाणं सुचत नसेल तर ती मिनिटं खुशाल धरा. कणीक मळताना अभंग म्हणता येतो, त्यामुळे ती धरू नका.

तुकड्यांत बसणारी एक गोष्ट तर आपल्या आजीनं सांगून ठेवलेली आहे. शतपावली. जेवणानंतर रक्तात साखर चढते आणि ती स्नायूत शिरायला इन्शुलिनची किल्ली लागते. पण स्नायू आकुंचन पावत असेल तर तो साखरेचं दार किल्लीशिवायही उघडतो. मधुमेही माणसाची किल्लीच गंजलेली असते, म्हणून त्याला या दुसऱ्या वाटेचं मोल अधिक. न्यूझीलंडमध्ये मधुमेहींना दिवसातून एकदा अर्धा तास चालवण्याऐवजी प्रत्येक जेवणानंतर दहा मिनिटं चालवलं, तर जेवणानंतरची साखर सरासरी १२ टक्क्यांनी कमी चढली, रात्रीच्या जेवणानंतर २२ टक्क्यांनी. शंभर पावलं मिनिटभरात संपतात, तेव्हा आजीचा आकडा तेवढा दहापट करून घ्यावा. (इन्शुलिन किंवा साखरेच्या गोळ्या चालू असतील, किंवा चढावर छातीत दाब येत असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा.)

हे सगळं कळूनही माणूस उठत नाही, त्याचं काय? ब्रिटनमध्ये विद्यार्थ्यांच्या तीन गटांवर एक प्रयोग झाला. काहीच न सांगितलेल्या गटातल्या ३८ टक्क्यांनी पुढच्या आठवड्यात व्यायाम केला. हृदयविकाराची माहिती देऊन पटवलेल्या गटातल्या ३५ टक्क्यांनी. कोणत्या दिवशी, किती वाजता, कुठे करणार हे कागदावर लिहून घेतलेल्या गटातल्या ९१ टक्क्यांनी. म्हणजे मी इथे जे करतेय त्याचा उपयोग शून्य! पोरांचा अनुभव एका आठवड्याचा आणि त्यांनी स्वतःच सांगितलेला, म्हणून आकडे जरा सावधपणे घ्या. पण वेळ आणि जागा ठरवली की रोज नव्यानं ठरवावं लागत नाही, हे मात्र खरं.

आणि खेळ. कोपनहेगनला बसून राहणाऱ्या पुरुषांना आठवड्यातून दोन-तीनदा छोट्या मैदानावर फुटबॉल खेळायला लावलं, तर तीन महिन्यांत रक्तदाब उतरला, चरबी घटली, दमसास वाढला. नुसतं पळणाऱ्यांपेक्षा ते कशात मागे पडले नाहीत. पळताना घड्याळ दिसतं, खेळताना चेंडू.

आमच्या पार्किंगमध्ये आता मंगळवार, गुरुवार आणि शनिवारी रात्री साडेनऊला जाळी लागते. दोन खांबांना नायलॉनची दोरी आणि तिच्यावर काकूंची जुनी ओढणी. बॅडमिंटन मी शाळेनंतर पहिल्यांदाच हातात धरलं. पहिल्या आठवड्यात शटलपेक्षा हवाच जास्त मारली, आणि ते बघायला गॅलरीत चार डोकी होतीच. आता त्यातली दोन खाली उतरली आहेत. शटल वरचेवर पहिल्या मजल्याच्या छज्ज्यावर जाऊन बसतं, म्हणून काकूंनी नियम केलाय: ज्यानं अडकवलं त्यानंच आणायचं, आणि लिफ्टनं गेलं तर पॉइंट समोरच्याला.