गोल स्क्रू, चौकोनी दाढ

इम्प्लांट, म्हणजे गेलेल्या दाताच्या जागी जबड्याच्या हाडात बसवलेला स्क्रू, गोल असतो; दाढ गोल नसते. अबटमेंटच्या डिझाइनमधली निम्मी डोकेदुखी इथूनच सुरू होते. हाडातला टायटेनियमचा स्क्रू साधारण 4 मिलिमीटर जाड, वरची कॅप 10 मिलिमीटर रुंद आणि चौकोनाकडे झुकणारी. या दोघांना जोडणारी मान म्हणजे अबटमेंट.

या मानेच्या आकाराची सुरुवातीला कुणाला फारशी फिकीर नव्हती. स्वीडनमध्ये पेर-इंग्वार ब्रोनेमार्क यांनी 1965 मध्ये पहिल्या रुग्णाला इम्प्लांट बसवले, तेव्हा प्रश्न बिनदातांच्या जबड्याचा होता. सरळ नळकांड्यासारखी अबटमेंट, त्यावर स्क्रूने कसलेली अख्खी कवळी, खाली हिरडीपाशी मोकळी फट. जेवता आलं म्हणजे झालं! पुढे एकटाच समोरचा दात बसवायची वेळ आली आणि नळकांडं उघडं पडलं. दात हिरडीतून उगवलेला न वाटता खुंटीवर अडकवलेला वाटे.

1988 च्या सुमारास अमेरिकेत यूसीएलए (लॉस एंजेलिसचं कॅलिफोर्निया विद्यापीठ) या नावाचं अबटमेंट आलं. प्लास्टिकची नळी थेट इम्प्लांटवर बसवायची, तिच्यावर मेण चढवून मान कोरायची आणि सोन्याच्या मिश्रधातूत ओतायची. आकार प्रथमच टेक्निशियनच्या हातात आला. हात तयार असेल तर काम देखणं, नाहीतर आनंदच.

कॉम्प्युटर दंतशास्त्रात आला तो कॅप आणि इनलेसाठी (इनले म्हणजे दाताच्या खड्ड्यात बसवायचा तयार तुकडा). फ्रान्समध्ये फ्रान्स्वा द्युरे यांनी 1973 च्या प्रबंधात प्रकाशाने माप घेण्याची कल्पना मांडली. 1985 मध्ये झ्युरिचला सेरेक या कॉम्प्युटरवर चालणाऱ्या यंत्राने पहिल्या रुग्णाचं काम झालं. अबटमेंटची पाळी नंतरची. कोपनहेगनची थ्रीशेप (2000) आणि डार्मस्टाटची एक्झोकॅड (2010) यांच्या सॉफ्टवेअरमध्ये कामाचा क्रमच उलटा झाला: आधी स्क्रीनवर पूर्ण दात बसवायचा, मग तो आतून कमी करत अबटमेंटपर्यंत यायचं. माझ्या मते खरा बदल हाच. आकार कापून काढणाऱ्या मिलिंग मशीनचं कौतुक उगाच जास्त झालं. सॉफ्टवेअर सुचवतं तो पहिला आकार मात्र बहुधा गुळगुळीत आणि बिनचेहऱ्याचा. वरच्या समोरच्या दाताची मान त्रिकोणी हवी, ती माउसने ओढूनच आणावी लागते. ओठाकडचं मार्जिन, म्हणजे कॅप आणि अबटमेंट मिळतात ती कड, हिरडीखाली अर्धा ते एक मिलिमीटर, त्याहून खोल नको.

कारण कॅप अबटमेंटवर सिमेंटने चिकटवली तर खोल गेलेलं सिमेंट बाहेर निघत नाही. 2009 च्या एका अमेरिकन अभ्यासात सूज आलेल्या इम्प्लांटपैकी सुमारे 81 टक्क्यांभोवती उरलेलं सिमेंट सापडलं. 2018 मध्ये आणखी एक गोष्ट पुढे आली: मान इम्प्लांटच्या उभ्या रेषेपासून 30 अंशांहून जास्त पसरट आणि फुगीर असेल तर इम्प्लांटभोवतीच्या आजाराचं प्रमाण वाढलेलं दिसतं.

आता दाढेचा हिशेब करा. 4 वरून 10 वर जायचं म्हणजे दोन्ही बाजूंना 3 मिलिमीटर. 30 अंशांत राहायचं तर पाच मिलिमीटरहून थोडी जास्त उंची लागते. इम्प्लांट हिरडीच्या दोनच मिलिमीटर खाली बसवला असेल तर कोन छप्पन्न अंशांवर जातो, मग माउस कितीही फिरवा. म्हणून हल्ली डिझाइनवाले ऑपरेशनच्या आधीच दाताचा आकार मागतात, आणि सर्जनला स्क्रू किती जाड, किती खोल हे तेव्हाच विचारून घेतात.