उपकारस्तुती आणि कापणीचा सण (खान्देश)

मिळालेल्या प्रत्येक गोष्टीबद्दल देवाचे आभार मानायची ख्रिस्ती रीत म्हणजे उपकारस्तुती. जेवणाआधीच्या प्रार्थनेपासून प्रभुभोजनापर्यंत (चर्चमधला भाकर-द्राक्षरसाचा विधी) ती सगळीकडे आहेच, पण जळगाव, धुळे, नंदुरबारकडच्या मंडळ्यांमध्ये (स्थानिक चर्चच्या समुदायांमध्ये) तिचं सगळ्यात ठळक रूप दिसतं ते कापणीच्या सणात, म्हणून या नोंदीत भर त्यावरच.

शास्त्राधार जुना आहे. बायबलमधल्या लेवीय या पुस्तकाच्या ७ व्या अध्यायात उपकारस्तुतीच्या अर्पणाचं मांस त्याच दिवशी संपवायचं, सकाळपर्यंत ठेवायचं नाही असा नियम आहे, आणि एवढं एका घराला संपणार नाही म्हणजे शेजाऱ्यापाजाऱ्यांना बोलवावंच लागणार, असा अर्थ काही भाष्यकार लावतात, तो पटण्यासारखा आहे. बायबलमधल्याच अनुवाद या पुस्तकाच्या २६ व्या अध्यायात पहिलं पीक टोपलीत घेऊन याजकासमोर उभं राहायचं, आपले पूर्वज मिसरात (इजिप्तमध्ये) कसे राबले ते बोलून दाखवायचं आणि मग लेवी (मंदिरसेवा करणाऱ्या वंशातला माणूस) नि परदेशी माणसासोबत आनंद करायचा. नव्या करारात लूक १७ मधले दहा कुष्ठरोगी सगळ्यांना माहीत आहेतच: बरे झाले दहाही, आभार मानायला परत आला एकच. पहिल्या शतकाच्या शेवटी किंवा दुसऱ्याच्या सुरुवातीला लिहिल्या गेलेल्या दिदाखे या ख्रिस्ती शिकवणीच्या छोट्या पुस्तकात भाकर आणि प्याल्यावर म्हणायच्या आभाराच्या प्रार्थना सापडतात.

आता खान्देशात हा सण आला कुठून, यावर मतं वेगवेगळी आहेत. एक मत इंग्लंडकडे बोट दाखवतं: कॉर्नवॉलमधल्या मॉर्वेनस्टो गावात रॉबर्ट स्टीफन हॉकर या पाळकांनी १८४३ च्या ऑक्टोबरमध्ये कापणीची खास उपासना घेतली, ती पुढे अँग्लिकन चर्चमध्ये रुळली आणि मिशनऱ्यांबरोबर भारतात आली. अमेरिकन थँक्सगिव्हिंगशीही काही जण नातं जोडतात, पण लिंकन यांनी १८६३ मध्ये जाहीर केलेला तो राष्ट्रीय दिवस आहे, त्याचा आपल्या खरिपाशी मेळ बसवणं जरा ओढूनताणूनच होतं. तिसरं मत स्कॅन्डिनेव्हियाचं, आणि पश्चिम खान्देशापुरतं ते जास्त वजनदार वाटतं, कारण फ्रेड्रिक फ्रॅन्सन यांनी १८९० च्या सुमारास शिकागोत सुरू केलेली स्कॅन्डिनेव्हियन अलायन्स मिशन (१९४९ नंतर तिचं नाव टीम, म्हणजे द इव्हॅन्जेलिकल अलायन्स मिशन) याच पट्ट्यात काम करत होती, नवापूर तालुक्यातलं चिंचपाड्याचं हॉस्पिटल तिच्याच कामातून १९४० च्या दशकात उभं राहिलं, आणि स्वीडनमध्ये आजही ऑक्टोबरचा दुसरा रविवार आभाराचा म्हणून पाळतात.

पण उपासनेचा साचा बाहेरून आला म्हणून सण बाहेरचा होत नाही. भिल्ल, मावची, कोकणा घरांत नवं धान्य आधी देवापुढे ठेवायचं आणि मगच तोंडात घालायचं ही रीत होतीच, त्यामुळे ख्रिस्ती झालेल्या घरांना पहिलं फळ देवाचं हे वेगळं शिकवावं लागलं नसावं.

तारीख ठरलेली नसते, खरीप घरात आला की मंडळी आपापला रविवार ठरवते. वेदीपुढे ज्वारीची कणसं, मक्याचे भुट्टे, भात, तूर, केळीचा घड, भोपळे, कधी पाय बांधलेली कोंबडी. उपासना झाली की लिलाव. इथे बाजाराचा हिशोब चालत नाही, साध्या भोपळ्याला भाव चढत जातो, कुणी तो घेतो आणि तिथल्या तिथे परत अर्पण करतो, पुन्हा बोली लागते. ज्याच्याकडे शेत नाही तो मजुरीतून पाकीट टाकतो आणि त्याचंही अर्पण तितक्याच मानाने घेतलं जातं.

अवघड वर्ष असतं ते बोंडअळीचं किंवा पाऊस दडी मारतो ते. प्रेषित पौलाने पत्रात थेस्सलनीकाच्या मंडळीला सर्व स्थितीत उपकारस्तुती करायला सांगितलं, त्याचा अर्थ कापूस गेला म्हणून देवाचे आभार माना असा नाही, कापूस गेला तरी देव सोडून गेला नाही म्हणून माना असा आहे, आणि हा फरक पाळकाने नीट समजावला नाही तर कर्जात बुडालेल्या माणसाला ते वचन जखमेवर मीठ वाटतं. अशा वर्षी हबक्कूक संदेष्ट्याच्या पुस्तकाचा ३ रा अध्याय वाचणं योग्य, कारण त्यात शेतं अन्न देत नाहीत आणि गोठ्यात गुरं उरली नाहीत हे तो आधी स्पष्ट बोलतो, आनंदाची भाषा त्यानंतर येते.

घरगुती उपकारस्तुतीला मात्र हंगाम लागत नाही. आजारातून उठलं, नोकरी लागली, नवं घर बांधलं, बाळंतीण सुखरूप घरी आली की पाळकांना आणि मंडळीला घरी बोलावतात, गाणी होतात, घरातलं कुणीतरी उभं राहून साक्ष देतं, म्हणजे देवाने काय केलं ते सांगतं, मग चहा नाहीतर जेवण. शहरात याला सरळ थँक्सगिव्हिंग मीटिंगच म्हणतात.